चिमुकली पद्मिनी

मुंबईहून कोकणात येणारा महामार्ग परशुराम घाट उतरतो आणि वाशिष्ठी नदी ओलांडून चिपळूणला पोहोचतो. गणेशोत्सवास गावी निघालेल्या चाकरमान्यांच्या मोटारी याच वाटेने येतात. त्यांत एके काळी पद्मिनी मोटार हटकून दिसे. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने इटलीतील फियाट कंपनीच्या परवान्याने ही मोटार मुंबईस कुर्ला येथे तयार केली. १९६४ मध्ये ती ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून निघाली. १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. पुढे तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली.

रस्त्यावरून नाहीशी झालेली अशी मोटार हुबेहूब प्रतिकृतीच्या रूपाने घरात जपता येते. खेळण्यातील मोटार धावली म्हणजे पुरे. प्रतिकृती मात्र मापाशी प्रामाणिक असावी लागते.

मोटारींच्या प्रतिकृतींसाठी एकास चोवीस हे प्रमाण प्रचलित आहे. पद्मिनीच्या पुढील व मागील चाकांच्या आसांमधील अंतर २,३४० मिलिमीटर होते. त्यास २४ ने भागले की ९७.५ मिलिमीटर येतात. प्रतिकृतीत आस केवळ एक मिलिमीटर सरकला, तर खऱ्या मोटारीत तो २४ मिलिमीटर सरकल्यासारखे होते. लहान वस्तूतील चूक लहान नसते, ती अशी.

प्रसिद्ध मोटारींच्या प्रतिकृतींचे प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे संच मिळतात. संच नसेल, तर छायाचित्रे व मापे जमवून पुठ्ठा किंवा हलके लाकूड वापरतात. प्रत्येक भाग पॉलिश कागदाने घासून गुळगुळीत करावा. गोंद लावण्यापूर्वी सर्व भाग एकदा नुसतेच जुळवून पाहावेत. गोंद वाळल्यावर चूक सुधारणे अवघड जाते.

रंगकामास उतावळेपणा मानवत नाही. प्रथम अस्तराचा हात द्यावा. टॅक्सीचे छप्पर पिवळे व अंग काळे असते. म्हणून पिवळा रंग आधी द्यावा व तो वाळल्यावर चिकटपट्टीने झाकून मग काळा द्यावा. काळा पिवळ्यास सहज झाकतो, पिवळा काळ्यास झाकीत नाही. जाड थराखाली दारांच्या बारीक रेघा बुजतात, म्हणून पातळ हात द्यावेत. चिपळूणच्या पावसाळ्यात हवा दमट असते. अशा हवेत काही रंगांवर पांढुरकी झाक चढते. त्यासाठी कोरडा दिवस व मोकळी हवा पाहावी.

शेवटी बारकावे येतात: गोल दिवे, रुपेरी जाळी, बाहेरच्या बाजूस बसविलेले भाड्याचे मीटर. कोकणच्या प्रवासाची खूण म्हणून चाकांना तांबडी माती लावावयाची, तर ती वस्त्रगाळ असावी. अर्ध्या मिलिमीटरचा कण येथे १२ मिलिमीटरच्या खड्यासारखा दिसतो!

पद्मिनी न पाहिलेल्या मुलांना ती कशी होती, हे ही तळहाताएवढी गाडी सांगणार असते. तिने खरे तेच सांगावे, म्हणून करणाऱ्याने एकेक मिलिमीटर जपावयाचा असतो.

स्वाध्याय
१. खेळणे व प्रतिकृती यांत कोणता फरक आहे?
२. पिवळा रंग आधी का द्यावा?
३. आपल्या घरातील एखाद्या वस्तूची मापे घ्या व एकास दहा या प्रमाणात तिची आकृती काढा.