फाइल शेवटची केव्हा वाचली गेली? – संगणकातील ‘वाचनवेळे’ची पारख

सार्वजनिक ग्रंथालयातील पुस्तकाच्या अखेरच्या पानावर एक चिठ्ठी चिकटविलेली असते. पुस्तक घरी दिले जाते त्या प्रत्येक वेळी तिच्यावर तारखेचा शिक्का उमटतो. पुढे कपाटातील जागा अपुरी पडली, की याच चिठ्ठीवरून कोणते पुस्तक वाचकांना हवे आहे आणि कोणते वर्षानुवर्षे धूळ खात पडले आहे, हे ठरविले जाते. परंतु शिक्का मारणारा कारकून जर दिवसातून एकदाच शिक्का मारू लागला, किंवा त्याने ते कामच सोडून दिले, तर त्या चिठ्ठीवरून काढलेला निष्कर्ष कितपत खरा मानावा? संगणकातील फाइलींसंबंधी नेमका हाच प्रश्न उभा राहतो, आणि कार्यालये, पंचायती व शाळा यांचे दप्तर आता बहुतांशी संगणकात असल्यामुळे त्याचे उत्तर केवळ तंत्रज्ञांपुरते मर्यादित राहिलेले नाही.

एखाद्या पंचायतीच्या संगणकावर जुन्या घरपट्टीच्या याद्या आहेत असे समजू. जागा मोकळी करण्यासाठी ‘सहा महिन्यांत कोणी न वाचलेल्या फाइली काढून टाका’ असा आदेश संगणकास दिला जातो आणि प्रत्यक्षात दर आठवड्यास पाहिली जाणारी यादीच नाहीशी होते. किंवा याच्या उलट, एखाद्या कर्मचाऱ्यास विचारले जाते, ‘परिपत्रक तुम्ही उघडूनही पाहिले नाही, संगणकातील नोंदच तसे सांगते.’ दोन्ही प्रसंगी निर्णय ज्या नोंदीवर आधारलेला असतो, ती नोंद ठेवण्याचे काम चालू होते की बंद, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

तीन वेळा, तीन अर्थ

युनिक्स परंपरेतील संगणक-प्रणालींत, म्हणजे आजच्या लिनक्समध्ये आणि सी-डॅकने तयार केलेल्या ‘बॉस’ या भारतीय लिनक्स प्रणालीतही, प्रत्येक फाइलीमागे एक छोटी नोंद असते. तिला ‘आयनोड’ म्हणतात. फाइलीचा मालक कोण, ती वाचण्याची मुभा कोणाला, तिचा आकार किती, अशा बाबींबरोबर या नोंदीत तीन वेळा लिहिलेल्या असतात. मजकूर शेवटचा केव्हा बदलला ती ‘लेखनवेळ’ (एमटाइम). नाव, मालक, मुभा अथवा मजकूर यांपैकी काहीही बदलून खुद्द नोंदीत केव्हा फेरफार झाला ती ‘नोंदवेळ’ (सीटाइम). आणि मजकूर शेवटचा केव्हा वाचला गेला ती ‘वाचनवेळ’ (एटाइम). ‘स्टॅट’ ही आज्ञा फाइलीच्या नावासह दिली, की या तिन्ही वेळा पडद्यावर दिसतात. त्या पाहिल्याने फाइलीची वाचनवेळ बदलत नाही, कारण ‘स्टॅट’ केवळ नोंद पाहते, मजकुरास हात लावीत नाही.

यांपैकी पहिल्या दोन वेळांविषयी फारसा वाद नाही. वाचनवेळ मात्र प्रारंभापासून अडचणीची ठरली आहे. फाइल नुसती वाचली तरी तिची नोंद बदलावयाची, म्हणजे प्रत्येक वाचनामागे एक लेखन आले. हजार फाइली चाळल्या तर हजार नोंदी पुन्हा डिस्कवर लिहिणे आले. यामुळे काम मंदावते, आणि लेखनाची मर्यादा असलेल्या फ्लॅश स्मृतीवर त्याचा अधिक भार पडतो. म्हणून ही नोंद ठेवावी की नाही, आणि ठेवल्यास किती काटेकोरपणे, हे ठरविण्याची सोय प्रणालीत केलेली आहे.

ती सोय ‘माउंट’ करतेवेळी वापरतात. डिस्कचा एखादा भाग संगणकाच्या एकत्रित फाइल-वृक्षास जोडणे म्हणजे माउंट करणे होय. या जोडणीच्या वेळी जी अट घातली जाते, तिच्यावर वाचनवेळेचे भवितव्य अवलंबून असते. ‘स्ट्रिक्टएटाइम’ म्हटले, की प्रत्येक वाचनाची नोंद होते. ‘नोएटाइम’ म्हटले, की एकाही वाचनाची होत नाही. या दोहोंच्या मध्ये ‘रेलएटाइम’ आहे. ही अट 2007 साली लिनक्सच्या 2.6.20 या आवृत्तीत आली आणि 2009 साली 2.6.30 या आवृत्तीपासून तीच मूळ मांडणी ठरली. त्यामुळे कोणतीही अट न घालता जोडलेली डिस्क आज रेलएटाइमनेच चालते, हे बहुतेकांना ठाऊकही नसते.

रेलएटाइमचा नियम असा आहे : आधीची वाचनवेळ ही लेखनवेळेहून किंवा नोंदवेळेहून जुनी अथवा तिच्याइतकीच असेल, तरच नवे वाचन नोंदवावे. याशिवाय आधीची वाचनवेळ 24 तासांपूर्वीची असेल तरीही नोंदवावे. पहिल्या भागाचे कारण टपालाशी संबंधित आहे. ‘मट’सारखे टपाल वाचण्याचे जुने कार्यक्रम टपालपेटीच्या फाइलीची लेखनवेळ आणि वाचनवेळ ताडून पाहत. लेखनवेळ नंतरची असेल तर न वाचलेले टपाल आले आहे, असे ते समजत. वाचनवेळ अजिबात न नोंदविल्यास हा हिशेब बिघडतो. 24 तासांचे कलम मागाहून, 2.6.30 याच आवृत्तीत जोडले गेले. ‘अमुक दिवसांत न वाचलेल्या तात्पुरत्या फाइली काढून टाका’ असे काम करणाऱ्या कार्यक्रमांना दिवसाच्या हिशेबाने तरी खरी माहिती मिळावी, हा त्यामागील हेतू.

प्रयोगाची मांडणी

हा नियम पुस्तकात वाचून मान्य करण्यापेक्षा प्रत्यक्ष पडताळून पाहणे श्रेयस्कर. शाळेतील संगणक-शिक्षकांस हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून सहज करवून घेता येईल. मात्र कार्यालयाची मुख्य डिस्क त्यासाठी वापरू नये. सुमारे 100 मेगाबाइटची एक रिकामी फाइल तयार करून तिच्यावर ‘ईएक्सटी4’ पद्धतीची फाइल-व्यवस्था उभारावी आणि ‘लूप’ पद्धतीने ती एखाद्या स्वतंत्र डिस्कप्रमाणे जोडावी. यास प्रशासकाचा परवलीचा शब्द लागतो. काम संपल्यावर ती फाइल पुसून टाकली म्हणजे झाले.

जोडणीनंतर प्रथम ‘प्रोक’ या निर्देशिकेतील ‘माउंट्स’ ही फाइल पाहावी. कोणती अट लागू व्हावी असे आपण सांगितले यापेक्षा कोणती लागू झाली हे महत्त्वाचे, आणि ते येथे कळते. येथे एक बारकावा आहे. रेलएटाइम व नोएटाइम ही नावे त्या ओळीत स्पष्ट लिहिलेली असतात, परंतु स्ट्रिक्टएटाइमचे नाव येत नाही. दोन्हींपैकी एकही नाव नसणे हीच त्याची खूण होय.

आता चार ओळींची एक फाइल सकाळी 10 वाजता लिहिली असे धरू. तिन्ही वेळा 10च्या असतील. 10 वाजून 5 मिनिटांनी ‘कॅट’ या आज्ञेने ती वाचावी, पुन्हा 10 वाजून 10 मिनिटांनी वाचावी. 10.15 वाजता तिच्या शेवटी एक ओळ जोडावी व 10.20 वाजता वाचावी. 10.25 वाजता तिची मुभा ‘सीएचमॉड’ने बदलावी आणि 10.30 वाजता अखेरचे वाचन करावे. प्रत्येक वाचनानंतर ‘स्टॅट’चे उत्तर वहीत उतरवून घ्यावे.

स्ट्रिक्टएटाइम असताना वाचनवेळ क्रमाने 10.05, 10.10, 10.20 आणि 10.30 अशी दिसेल. नोएटाइम असताना ती शेवटपर्यंत 10.00 राहील. जणू त्या फाइलीकडे कोणी फिरकलेच नाही. रेलएटाइम असताना 10.05चे वाचन नोंदले जाईल, कारण आधीची वाचनवेळ लेखनवेळेइतकीच होती. 10.10चे मात्र नोंदले जाणार नाही. ओळ जोडल्यामुळे लेखनवेळ पुढे गेली, म्हणून 10.20चे वाचन नोंदले जाईल. मुभा बदलल्यामुळे नोंदवेळ पुढे गेली, म्हणून 10.30चेही नोंदले जाईल. चार वाचनांपैकी नेमके दुसरे गळाले. ते वाचन झालेच नाही असे या नोंदीवरून म्हणणाऱ्याचे म्हणणे चुकीचे ठरेल.

ओळ जोडण्यासाठी ‘एको’ ही आज्ञा वापरावी, संपादकाचा उपयोग करू नये. कित्येक संपादक जतन करताना जुनी फाइल तशीच न बदलता नवी फाइल लिहून तिला जुने नाव देतात. मग समोर असते ती निराळ्याच आयनोडची फाइल, आणि प्रयोगाचा धागा तुटतो. दोन पायऱ्यांत काही सेकंदांचे तरी अंतर ठेवावे, कारण काही फाइल-व्यवस्था सेकंदाहून लहान काळ नोंदवीत नाहीत.

चोवीस तासांचा सापळा

24 तासांचे कलम तपासताना प्रयोग करणारे हमखास फसतात. एवढा वेळ थांबण्याऐवजी ‘टच’ या आज्ञेने फाइलीची वाचनवेळ तीन दिवस मागे नेली जाते, फाइल वाचली जाते, वाचनवेळ आजची झालेली दिसते, आणि कलम सिद्ध झाले असे समाधान मानले जाते. परंतु ते सिद्ध झालेले नसते. ‘टच’ने वाचनवेळ मागे नेली, हा खुद्द नोंदीतील फेरफारच होय. त्यामुळे नोंदवेळ त्या क्षणाची झाली. पुढील वाचनास वाचनवेळ नोंदवेळेहून जुनी आढळली, आणि नियमाचा पहिलाच भाग लागू झाला. 24 तासांचे कलम अस्तित्वात नसते, तरी उत्तर हेच आले असते. नोंदवेळ हवी तशी मागे नेण्याची सोय ‘टच’मध्ये नाही, म्हणून या वाटेने खरी परीक्षा होऊच शकत नाही.

खरी परीक्षा दोनच प्रकारे होते. एक तर फाइल वाचून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी 24 तास उलटून गेल्यावर पुन्हा वाचावी. शाळेत हे सोपे आहे. दुसरा प्रकार असा, की प्रयोगापुरत्या राखलेल्या संगणकाची, जाळ्यावरून वेळ जुळविणारी सेवा बंद करून, त्याचे घड्याळ 23 तास पुढे सरकवावे व फाइल वाचावी. वाचनवेळ हलणार नाही. मग मूळ वेळेपासून 25 तास पुढे सरकवून वाचावी. आता ती हलेल. केवळ 25 तासांचा प्रयोग करून थांबू नये, कारण 23 तासांचा नकारच 25 तासांच्या होकारास अर्थ देतो. दप्तराच्या चालू संगणकावर घड्याळाशी असा खेळ करू नये हे उघड आहे. त्या वेळात लिहिलेल्या प्रत्येक फाइलीवर उद्याची तारीख पडेल.

‘लेझीटाइम’ ही आणखी एक अट 2015 साली लिनक्सच्या 4.0 आवृत्तीत आली. ती वाचन नोंदवावे की नाही हे ठरवीत नाही, तर नोंद डिस्कवर केव्हा उतरवावी हे ठरवते. तोवर नवी वेळ स्मृतीत राहते आणि ‘स्टॅट’लाही तीच दिसते. फाइलीत दुसरा बदल झाला, संगणक रीतसर बंद केला किंवा 24 तास उलटले, की ती डिस्कवर जाते. मधेच वीज गेली तर ती वेळ हरवते. कोकण-गोव्यातील पावसाळ्यात ही शक्यता केवळ पुस्तकी नव्हे.

इतर व्यवस्थांचे वर्तन याहून निराळे आहे. पेन ड्राइव्हवर सर्रास आढळणारी ‘फॅट’ व्यवस्था वाचनाची केवळ तारीख ठेवते, वेळ ठेवतच नाही. विंडोज व्हिस्टापासून ‘एनटीएफएस’वरील शेवटच्या वाचनाची नोंद मूळ मांडणीत बंद होती. नंतरच्या काही आवृत्त्यांत ती चालू ठेवावी की नाही, हे प्रणालीवरच सोपविले गेले. शाळेच्या प्रयोगशाळेत एका मुख्य संगणकावरील फाइली ‘एनएफएस’ पद्धतीने सर्वांना पुरविल्या असतील, तर विद्यार्थ्याच्या लिनक्स संगणकावर घातलेल्या या अटींचा काही परिणाम होत नाही. मुख्य संगणकावर कोणती जोडणी आहे तेच पाहावे लागते.

चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. स्ट्रिक्टएटाइम असले, वीज गेलेली नसली, घड्याळ बरोबर असले, तरी वाचनवेळ एवढेच सांगते, की कोणत्या तरी कार्यक्रमाने ती फाइल वाचली. रात्री राखीव प्रत काढणारा कार्यक्रम प्रत्येक फाइल वाचतो, विषाणू शोधणारा वाचतो, आणि चित्रांची निर्देशिका नुसती उघडली तरी त्यांच्या लहान प्रतिकृती दाखविण्यासाठी संगणक ती चित्रे वाचतो. ती वेळ कोणत्या माणसाची, हे आयनोडमध्ये लिहिलेले नसते. तसेच चौकशीसाठी फाइल उघडून पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातूनही जुनी वाचनवेळ पुसली जाऊ शकते. म्हणून मूळ डिस्कवरील काहीही वाचण्यापूर्वी ती केवळ-वाचनाच्या अटीवर जोडावी आणि तिची हुबेहूब प्रत काढून पुढील तपासणी त्या प्रतीवर करावी.