जमिनीच्या पोटातील खनिज कोणाचे?

एक-चौदाचा उतारा आपल्या नावावर असला म्हणजे शेताखालचे लोहखनिजही आपलेच, अशी समजूत डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील अनेक शेतकरी बांधवांत आढळते. गोव्यापुरती ही समजूत निराधार आहे. जमीन "खनिजासह" विकण्याचे वा घेण्याचे फसवे व्यवहार तिच्यामुळेच होतात.

याचे मूळ पोर्तुगीज राजवटीत सापडते. १९०६ च्या फर्मानानुसार खाणी राज्याच्या स्वामित्वाच्या मानल्या जात. खनिज काढण्याची सवलत जमीनमालकाखेरीज अन्य व्यक्तीसही मिळू शके. मग वरची जमीन भाटकाराची असो वा कोमुनिदादीची. वर एकाचे कुळागर आणि खाली दुसऱ्याची सवलत, असा दुहेरी हक्क त्यातून निर्माण झाला. १९८७ च्या कायद्याने या सवलती २० डिसेंबर १९६१ पासून रद्द होऊन त्यांचे खाणपट्टे झाले. त्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. तथापि, पट्टा संपला म्हणून खनिज जमीनमालकाकडे येत नाही.

केरळातील मलबारच्या जन्मी जमिनींबाबत मात्र याच न्यायालयाने २०१३ साली वेगळा निर्णय दिला. कायदेशीर मार्गाने हिरावला गेला नसेल, तर भूगर्भावरील हक्क सामान्यतः जमिनीच्या मालकाचाच, असे त्यात म्हटले आहे. गोव्याचा पूर्वेतिहास निराळा असल्याने तो निवाडा येथे जसाच्या तसा लावता येणार नाही.

चौकशी कोठून करावी? उताऱ्यावर कब्जेदार, कूळ व पिके यांची माहिती असते. "इतर हक्क" हा रकाना सहसा कोणी वाचत नाही, तो अवश्य वाचावा. त्यानंतर जुनी खरेदीखते व पोर्तुगीजकालीन भूनोंदणी पाहावी. शेवटी सर्व्हे क्रमांक व नकाशा घेऊन पणजी येथील खाण व भूगर्भ संचालनालयात, सदर क्षेत्र जुन्या सवलतीत वा चालू पट्ट्यात येते काय, हे लेखी विचारावे. उत्तर न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा आधार घेता येतो.

चिऱ्यांचेही तसेच. ते गौण खनिजात मोडतात. स्वतःच्या जमिनीतही विनापरवाना चिरेखाण काढता येत नाही.

जमीनधारक अगदीच निराधार आहे, असे मात्र नव्हे. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याच्या कलम २४-अ नुसार पृष्ठभागाच्या भोगवटादारास पट्टेदाराकडून भरपाई मिळते. हा हक्क प्रत्यक्ष भोगवटादाराचा असल्याने, उताऱ्यावर नाव नसलेल्या कुळाची येथे अडचण होते. नोंदीतील अशा त्रुटी खाणकाम सुरू होण्यापूर्वीच दुरुस्त करून घेणे इष्ट होय.