सभा आणि मजालस

'विधानसभा' हा शब्द राज्यशास्त्राच्या तासाला आपण नित्य उच्चारतो. पण त्यातील 'सभा' हे पूर्वी न्यायस्थानाचेही नाव होते, याचे स्मरण सहसा राहत नाही. अथर्ववेदात सभा व समिती या प्रजापतीच्या दोन कन्या म्हटल्या आहेत. 'स' म्हणजे सह आणि 'भा' म्हणजे प्रकाश, अशी व्युत्पत्ती जुने पंडित सांगत. काही भाषाशास्त्रज्ञ तिचे नाते गणगोत या अर्थाच्या जर्मन 'झिपे' शब्दाशी जोडतात. मला ही दुसरी अधिक पटते.

न्यायदानातील सभा पाहण्यास दूर जावयास नको. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (१०७६-११२६) आपल्या बिदर जिल्ह्यातील कल्याण येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली. वकील मंडळी ती वारसाहक्कासाठी ओळखतात. तिच्यातील सभासदांचे प्रकरण मात्र फारसे कोणी उघडीत नाही. तेथे सभासद म्हणजे राजासमवेत खटला ऐकणारे. ते सात, पाच किंवा तीन असावेत, शत्रू-मित्रांस सम लेखणारे असावेत, आणि सभेत काही व्यापारीही बसावेत. ममत्वाने, लोभाने वा भयाने शास्त्राविरुद्ध निर्णय देणाऱ्यांस दुप्पट दंड आहे, तोही प्रत्येकास वेगळा. दुप्पट कशाच्या? वादग्रस्त द्रव्याच्या नव्हे, तर हरणाऱ्यास होणाऱ्या दंडाच्या, असे विज्ञानेश्वर बजावतो; कारण ज्या खटल्यात द्रव्याचा वादच नसतो तेथे सभासद मोकळे सुटतील. टीकाकाराची ही दक्षता विलक्षण आहे.

पुढे बहामनी राजवटीबरोबर फारसी दप्तर आले व 'मजलिस' शब्द रुळला. मूळ अरबी धातूचा अर्थ बसणे. आपला 'जलसा' त्याच घरचा! मराठी कागदांत मजलिसची 'मजालस' झाली. वतनाचा तंटा निघाला की देशमुख, पाटील, कुळकर्णी, बलुतेदार जमत आणि निवाड्याच्या महजरावर 'हाजीर मजालस' म्हणून त्यांची नावे चढत. ज्यास लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी. पाटलाची निशाणी नांगर. निवाडा कोणासमक्ष झाला, हे कागदावरच राही.

आज इराणची संसद 'मजलिस' म्हणविते. आपल्याकडे कायदे करणाऱ्यांनी 'सभा' ठेविली, न्याय देणाऱ्यांनी 'न्यायालय' घेतले. कलबुर्गीस २००८ साली उच्च न्यायालयाचे फिरते पीठ आले व २०१३ साली ते कायम झाले. 'पीठ' म्हणजेही बसण्याची जागाच.