वाळूखालचा गोलंदाज

खडकीच्या रहिवाशांस दारूगोळा हा शब्द नवा नाही. येथील दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा आहे. अशा गावच्या विद्यार्थ्यांस एका निराळ्याच गोलंदाजाची ओळख करून द्यावी, असे बरेच दिवस मनात होते. हा गोलंदाज जेमतेम करंगळीएवढा असून समुद्राच्या तळाशी, वाळूत बीळ करून राहतो. इंग्रजीत त्यास पिस्टल श्रिम्प म्हणतात. आपण पिस्तुल-कोळंबी म्हणू. हा प्राणी मी माझ्या घरी काचेच्या टाकीत पाळला आहे. त्यापासून मी जे शिकलो, ते येथे सांगतो. त्यात माझी एक चूकही आली आहे.

प्रथम त्याच्या शस्त्राविषयी. या कोळंबीच्या दोन नांग्यांपैकी एक दुसरीहून कितीतरी मोठी असते. ती उघडून झटकन मिटली म्हणजे तीतून पाण्याची बारीक धार सेकंदास सुमारे २५ मीटर वेगाने निघते. एवढ्या वेगामुळे तेथील पाण्याचा दाब एकदम उतरतो व एक बुडबुडा तयार होतो. भोवतालच्या दाबाने तो लगेच चिरडला जातो आणि त्याचाच 'कट्' असा आवाज होतो. नांगीचे दोन भाग एकमेकांवर आपटून हा आवाज होतो, असा समज पुष्कळ वर्षे होता. २००० साली हॉलंड व जर्मनीतील शास्त्रज्ञांनी अतिजलद छायाचित्रे घेऊन तो खोटा ठरविला. पुढील वर्षी असेही दिसून आले की, बुडबुडा फुटताना डोळ्यांस न दिसणारा क्षणिक प्रकाशही पडतो. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या यंत्रांत ऐकू येणारी अखंड तडतड याच प्राण्यांच्या थव्यांची होती, हे त्या वेळच्या संशोधनातून कळले. लहान मासा वा खेकडा या धक्क्याने बधिर होतो व कोळंबीचे भक्ष्य बनतो. मोठी नांगी तुटलीच, तर दुसऱ्या बाजूची लहान नांगी वाढून तिची जागा घेते आणि तुटलेल्या ठिकाणी नवी लहान नांगी येते.

एवढे शस्त्र असूनही या प्राण्याची दृष्टी मंद असते. म्हणून यातील काही जाती गोबी नावाच्या माशाशी सोबत करतात. आपल्या नदीओढ्यांतील खरबी याच कुळातली होय. भारतात लक्षद्वीपच्या उथळ पाण्यात अशी जोडी आढळते. व्यवहार सरळ आहे. कोळंबीने बीळ खणावे व मासा दारात पहारा करील. बुलडोझरप्रमाणे वाळू ढकलीत कोळंबी बाहेर येते, तेव्हा तिची एक मिशी माशाच्या अंगास लागलेली असते. शत्रू दिसताच मासा शेपटी फडफडवितो. तो कंप मिशीतून कळतो आणि कोळंबी आत शिरते. धोका फार जवळ आला तर मासाही तिच्यामागून बिळात उडी घेतो. रात्री दोघेही आतच राहतात.

आता हा प्राणी खडकीस कसा राहील ते पाहू. मुंबईस १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेथे समुद्र दारातच होता. आपल्यास समुद्र घरी तयार करावा लागतो. शंभर लिटरांची टाकी असावी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून त्यात दर लिटरास सुमारे ३५ ग्रॅम समुद्रमीठ मिसळावे. स्वयंपाकातील मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादी इतर क्षारही असतात. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५ व उष्णता २४ ते २७ अंश ठेवावी. चैत्र-वैशाखात पुण्यात पारा ३८ अंशांवर जातो, तेव्हा टाकीवर लहान पंखा लावावा. मात्र पंख्याने पाणी अधिक आटते, आणि वाफ होऊन उडते ते पाणीच; मीठ मागे राहते. कोकणातील मिठागर याच नियमावर चालते. म्हणून आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने घालावी, खाऱ्याने नव्हे.

बिळासाठी निदान आठ-दहा सेंटिमीटर जाडीची वाळू लागते. नुसती बारीक वाळू ढासळते. तीत शिंपल्यांचे व गोट्यांचे लहानमोठे तुकडे मिसळावे. कोळंबी त्यांतूनच छप्पर रचते. प्रवाळ मात्र समुद्रातून आणू नये. त्यास वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. दगड वाळूवर कधीही ठेवू नयेत. प्रथम दगड काचेच्या तळावर टेकवावे व मग वाळू पसरावी. नाहीतर कोळंबी दगडाखालून पोखरते आणि आपल्याच घराखाली चिरडून मरते.

टाकी भरली म्हणजे प्राणी आणण्याची घाई होते. ती आवरावी. पाण्यातील अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतू वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकी रिकामी दिसते. पण खरे काम चाललेले असते ते याच दिवसांत.

कोळंबी आणून सोडली, तेव्हा ती पाच दिवस दिसलीच नाही. सहाव्या दिवशी सकाळी बिळाच्या तोंडाशी तिचे निर्जीव शरीर पडलेले आढळले. घरातील मुले रडू लागली. मी ते चिमट्याने उचलले, तो ते आतून पोकळ! कोळंबीने कात टाकली होती. नवे कवच कठीण होईपर्यंत ती आत दडून बसली होती, आणि मासा दारात उभा होता. त्या दिवशी आम्ही सर्व फार हसलो.

दुसऱ्या वेळी हसण्यासारखे काही झाले नाही. माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले, म्हणून मी ठिपक्यांवरचे औषध पाण्यात घातले. त्यात तांबे होते. जे तांबे योग्य प्रमाणात माशास तारते, तेच कवचधारी प्राण्यांस थोडेसेही मारक ठरते. हे मी वाचलेले होते. पण औषध घालताना माझ्या डोळ्यांपुढे आजारी मासाच होता. कोळंबी वाळूखाली होती, म्हणून तिची आठवण झाली नाही. औषध द्यावयाचे तर मासा वेगळ्या भांड्यात काढून द्यावे, एवढा साधा नियम मी मोडला. मासा बरा झाला. कोळंबी पुन्हा वर आली नाही.

त्यानंतरचे चार दिवस मी विसरलो नाही. बीळ साफ करणारे कोणी उरले नव्हते, तेव्हा वाळू हळूहळू आत सरकू लागली. दार रोज थोडे लहान होई आणि मासा रोज त्याच जागी पहाऱ्यास उभा राही. पाचव्या दिवशी दार बुजले. मासा कोपऱ्यातील दगडाआड गेला, तो अन्न घेण्यापुरताच बाहेर येई. पुढे पाणी पुष्कळ वेळा बदलून, तांबे शोषणारा कोळसा घालून व चाचणीत तांबे नाही अशी खात्री करून, तीन महिन्यांनी दुसरी कोळंबी आणली. तिने पहिल्याच रात्री खणण्यास आरंभ केला. दुसऱ्या दिवशी दुपारी मासा तिच्या दारात उभा होता.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणास ही हौस वाटली, तर मीठ किती, वाळू किती, हे वर सांगितले आहे, ते कामी पडेल. परंतु टाकीत काहीही घालण्यापूर्वी क्षणभर थांबा, आणि जो प्राणी तुम्हास दिसत आहे त्याचाच नव्हे, तर जो दिसत नाही त्याचाही विचार करा.