नदीचे दोन विद्यार्थी

इंग्लंडच्या दक्षिणेस हॅम्पशर नावाचा परगणा आहे. टेस्ट आणि इचेन या दोन लहान नद्या या परगण्यातून वाहत जाऊन समुद्रास मिळतात. जून महिन्यात त्यांच्या काठी उभे राहिले, तर वर स्वच्छ ऊन असते आणि काठावरचे गवत फुलांनी भरलेले असते. पाण्यात हात घातला, तर तो मात्र गारठून जातो. पाणी इतके निर्मळ, की तळाचा खडा न् खडा दिसावा! हिरव्या पाणवनस्पती प्रवाहाबरोबर हेलकावत असतात आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, प्रवाहाकडे तोंड करून, एखादा ठिपकेदार मासा स्थिर उभा असतो. हाच ट्राउट मासा होय.

भर उन्हाळ्यात या नद्या थंड कशा राहतात? याचे उत्तर त्या प्रदेशाच्या भूमीत आहे. तेथील टेकड्या खडूच्या खडकाच्या आहेत. हिवाळ्यात पडलेला पाऊस या खडकात मुरतो, महिनोन् महिने जमिनीच्या पोटात राहतो आणि मग झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. झऱ्याच्या मुखाशी या पाण्याचे तापमान उन्हाळ्यात काय आणि हिवाळ्यात काय, सुमारे १० ते ११ अंश सेल्सिअस असते. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो आणि ट्राउटला तो भरपूर लागतो. पाणी २० अंशांच्या वर तापू लागले, की तो कासावीस होतो. म्हणून अशी थंड नदी हेच त्याचे खरे घर.

या नदीत आणखी एक रहिवासी आहे. तो म्हणजे मेफ्लाय नावाची माशी. तिचे पिलू नदीच्या तळाच्या गाळात एक-दोन वर्षे काढते. पुढे उन्हाळ्याच्या आरंभी ते पृष्ठभागावर येते, कात टाकते आणि पंख पसरून हवेत उडते. पंख फुटल्यावर ही माशी काही खात नाही. एक-दोन दिवसांत पाण्यावर अंडी घालून ती मरून जाते. तिच्या कुळातील लहान माश्याही अशाच प्रकारे जन्मतात. त्या पाण्यावर तरंगू लागल्या, की ट्राउट हळूच वर येतो, माशी गिळतो आणि पाण्यावर एक वर्तुळ उमटवून पुन्हा खाली जातो.

हे वर्तुळ पाहूनच येथील मासे धरणारा आपल्या कामास लागतो. त्याच्या गळाला गांडूळ नसते की कणकेची गोळीही नसते. एका बारीक गळावर रेशमाचा धागा आणि कोंबड्याच्या मानेवरील पिसे गुंडाळून त्याने एक माशी तयार केलेली असते. ही माशी वजनाला इतकी हलकी, की ती एकटी फेकताच येत नाही. लवचिक काठीने जड दोरी हवेत पुढेमागे झुलवावी लागते. ती दोरीच माशीला वाहून नेते. या झुलवण्याने माशीवरील पाणी झडून जाते व ती कोरडी होते. कोरडी असली तरच ती तरंगते. म्हणून या पद्धतीस ‘कोरड्या माशीची मासेमारी’ असे नाव पडले.

तथापि माशी तरंगली म्हणजे काम झाले असे नाही. ट्राउटचे तोंड प्रवाहाकडे असते, म्हणून माणसाने त्याच्या मागच्या बाजूस, प्रवाहाच्या खालच्या अंगास उभे राहावे लागते. माशी त्याच्या पुढे अलगद पडावी लागते आणि खऱ्या माशीप्रमाणे प्रवाहाबरोबर वाहत यावी लागते. दोरीला थोडा जरी ताण बसला, तरी माशी पाण्यावर रेघ ओढीत ओढली जाते. ट्राउटला तेवढे पुरे होते. तो तिच्याकडे पाठ फिरवतो.

ही कला शास्त्रशुद्ध करण्याचे श्रेय मुख्यतः फ्रेडरिक हॅलफर्ड याला दिले जाते. हॅलफर्डचा जन्म १८४४ साली झाला. पाण्यावर कोणती माशी केव्हा येते, तिचा रंग कसा, पंख कसे, याचा त्याने अनेक वर्षे अभ्यास केला. या कामी जॉर्ज मॅरियट नावाच्या निष्णात मित्राचे त्याला मोठे साहाय्य झाले. दोघांनी नदीवरील माश्या गोळा केल्या, पकडलेल्या ट्राउटच्या पोटात काय आहे ते तपासले आणि प्रत्येक माशीची हुबेहूब प्रतिकृती करण्याचा यत्न केला. १८८६ आणि १८८९ साली हॅलफर्डची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. ती वाचून असंख्य लोक नदीकडे नव्या दृष्टीने पाहू लागले. पूर्वी जो केवळ गळ टाकीत असे, तो आता काठावर बसून माश्यांचे निरीक्षण करू लागला.

परंतु ज्ञानाचा नियम झाला, की कधी कधी त्याची भिंतही होते. ट्राउट वर येऊन माशी खात असेल तेव्हाच, आणि तरंगणाऱ्या माशीनेच तो धरावा, असे हॅलफर्ड सांगू लागला. पाण्याखालची पिले ट्राउट खातो हे त्यालाही ठाऊक होते. तथापि त्यांची प्रतिकृती करून या निर्मळ नद्यांत काही साधेल, यावर त्याचा विश्वास नव्हता. त्याच्या अनुयायांनी तर या मताला जणू कायद्याचे रूप दिले. बुडणारी माशी वापरणे म्हणजे गैरवर्तन, असे अनेकांस वाटू लागले.

अशा वेळी जी. ई. एम. स्क्यूज हा लंडनमधील वकील इचेन नदीवर मासे धरण्यास येत असे. हॅलफर्डची पुस्तके त्याने मन लावून वाचली होती. १८९२ सालची गोष्ट. त्या दिवशी त्याच्याजवळच्या माश्यांची पिसे निकृष्ट होती. त्या लवकरच भिजल्या आणि बुडू लागल्या. नियमाप्रमाणे ट्राउटने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहावयास नको होते. परंतु घडले ते उलटच! ट्राउट त्या बुडालेल्या माशीवर झडप घालू लागले.

दुसऱ्या एखाद्याने हा योगायोग म्हणून सोडून दिला असता. स्क्यूजने तसे केले नाही. पुस्तक एक सांगते आणि नदी दुसरेच सांगते, तेव्हा नदीलाच पुन्हा विचारले पाहिजे, हे त्याने ओळखले. तो पकडलेल्या माशाच्या घशातून एका अरुंद चमच्याने त्याचे खाद्य बाहेर काढी, पांढऱ्या बशीतील पाण्यात ते पसरी आणि त्यातील एकेक कीटक निरखून पाही. पृष्ठभागाखाली धरलेली, पंख न फुटलेली पिले त्यात पुष्कळ आढळत. पाण्यावरचे वर्तुळही नीट पाहिल्यास निराळे सांगू लागले: मासा वर आल्यासारखा दिसे, पण पुष्कळदा तो पृष्ठभागाच्या किंचित खालीच भक्ष्य टिपत असे.

१९१० साली स्क्यूजने आपले म्हणणे पुस्तकरूपाने मांडले. कोरड्या माशीचा त्याग करा, असे त्याने कोठेही म्हटले नाही. ती स्वतः त्याच्या आवडीची होती. जेथे ती निरुपयोगी ठरते तेथे पाण्याखालच्या पिलाची प्रतिकृती वापरावी, एवढेच त्याचे म्हणणे होते. हॅलफर्डचे मत मात्र पालटले नाही. तो १९१४ साली मरण पावला. वाद मात्र मागे उरला. १९३८ साली लंडन येथील एका मंडळात या प्रश्नावर जाहीर चर्चा झाली. तेव्हा स्क्यूज ७९ वर्षांचा होता. अनेकांनी त्याला विरोध केला, तरी त्याने आपले निरीक्षण सोडले नाही. १९४९ साली तो वारला. आज त्याची पद्धत जगभर मान्य झाली आहे. तरीही हॅम्पशरमधील काही पाण्यांवर अद्याप कोरड्या माशीचाच नियम पाळला जातो.

मग या दोघांत खरा कोण? पाण्याच्या पृष्ठभागाकडे कसे पाहावे हे हॅलफर्डने शिकवले. त्याच्या त्या शिकवणीवाचून स्क्यूजला पृष्ठभागाखाली पाहण्याची दृष्टी आली नसती. दोघेही नदीचेच विद्यार्थी होते. एकाने शिकलेला धडा पुरा झाला असे मानले. दुसऱ्याने पुढचे पान उलटले, एवढाच काय तो फरक.

नदीची ती पाने आज जपावी लागत आहेत. खडूच्या खडकातील पाणी शहरांसाठी उपसले जाते, त्यामुळे झऱ्यांचा ओघ घटतो. शेतांतून व गटारांतून येणारी घाण आणि गाळ यांमुळे माश्यांची पिले मरतात. ही हानी काठावर बसून माश्या मोजणाऱ्यांच्या ध्यानात लवकर येते. यांतील पुष्कळजण आता पकडलेला मासा मारीत नाहीत. ओल्या हाताने गळ सोडवून ते त्याला पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून धरतात. क्षणभर तो तसाच राहतो, मग शेपटीच्या एका फटकाऱ्यासरशी थंड पाण्यात दिसेनासा होतो. पाण्यावर एक वर्तुळ उमटते आणि हळूहळू विरून जाते.

स्वाध्याय

१. खडूच्या टेकड्यांतून निघणाऱ्या नद्या उन्हाळ्यातही थंड का राहतात?
२. ‘कोरडी माशी’ हे नाव कशावरून पडले?
३. १८९२ साली इचेन नदीवर काय घडले? स्क्यूजने त्यावरून कोणता बोध घेतला?
४. ‘ज्ञानाचा नियम झाला, की कधी कधी त्याची भिंतही होते,’ या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगा.
५. जवळच्या ओढ्याच्या, तळ्याच्या किंवा नदीच्या काठी बसून पाण्यावरील कीटकांचे निरीक्षण करा व जे दिसेल ते वहीत लिहा.