पवनचक्कीच्या पात्याची झीज

घरातील छताचा पंखा बंद करा आणि पात्याची जी कड हवा कापत पुढे जाते, तिच्यावरून बोट फिरवा. देऊळगाव राजासारख्या कोरड्या हवेच्या गावी उन्हाळ्यात तेथे थोड्याच दिवसांत धुळीची जाड रेघ बसते. हवेतील कण पात्याला प्रथम भेटतात ते या कडेवरच. पवनचक्कीचेही तसेच आहे. मात्र पाऊस पडला की धूळ धुऊन जाते, आणि त्याच पावसाने पात्याला पडलेले खड्डे कायम राहतात!

पाण्याच्या थेंबाने खड्डा कसा पडेल? हिशेब करून पाहा. समजा, पाते ४० मीटर लांब आहे आणि चक्र मिनिटाला १७ फेरे घेते. दुरून ते संथ वाटते. पण एका फेऱ्यात टोक सुमारे २५१ मीटर अंतर कापते, म्हणजे सेकंदाला ७१ मीटर; ताशी अडीचशे किलोमीटरांहून अधिक. पावसाचा मोठा थेंबही सेकंदाला ९ मीटरच्या आसपासच पडतो. तेव्हा थेंब पात्यावर पडतो असे म्हणण्यापेक्षा पातेच थेंबावर जाऊन आदळते, असे म्हणणे बरे. पाण्याची घनता, पाण्यातील ध्वनीचा वेग आणि आघाताचा वेग यांचा गुणाकार (१००० × १५०० × ७१) केला की क्षणिक दाबाचा अंदाज येतो. तो होतो सुमारे १० कोटी पास्कल, वातावरणाच्या दाबाच्या हजारपट! पृष्ठभाग थोडा दबतो, म्हणून प्रत्यक्षातला दाब यापेक्षा कमी असतो. पण असे आघात असंख्य वेळा होतात. आधी रंगाला टोचे पडतात, मग पापुद्रे निघतात आणि शेवटी आतील काचतंतू उघडे पडतात.

कड खरबरीत झाली तर एवढे काय बिघडते? पात्याचा छेद विमानाच्या पंखासारखा असतो. त्याच्यावरून हवा सरकताना चक्र फिरवणारे उत्थापन मिळते, आणि हवेची ओढ त्याला विरोध करते. गुळगुळीत पृष्ठाला लागून हवेचा पातळ थर शांतपणे वाहतो. कडेवर खड्डे असले की तो सुरुवातीलाच खवळतो. ओढ वाढते, उत्थापन घटते. त्यातून झीज होते ती नेमकी टोकाकडे, कारण वेग तेथेच जास्त. पात्याचा बाहेरचा एक तृतीयांश भाग चक्राच्या एकूण क्षेत्रफळापैकी ९ पैकी ५ भाग झाडून काढतो. हे तुम्हीच पडताळून पाहा. म्हणजे कमाईचा भाग तोच आणि झिजणाराही तोच.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी वातबोगद्यात मुद्दाम झिजवलेल्या कडा तपासल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, थोड्याशा झिजेने ओढ ८० टक्क्यांनी वाढली तरी वर्षाच्या विजेत सुमारे ५ टक्के घट येऊ शकते. झीज फार असेल तर सुमारे २५ टक्के.

आपल्याकडे प्रश्न अधिक अवघड आहे. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी आणि वनकुसवडे या पठारांवरील पवनचक्क्यांना भरपूर वारा मिळतो तो पावसाळ्यात. पाऊस आणि वारा एकदमच येतात. कमाईचा आणि झिजेचा हंगाम एकच. वारा फार जोराचा असला तर झीज लपूनही राहते. वाऱ्यात शक्ती गरजेहून जास्त असल्यामुळे जनित्र पूर्ण क्षमतेने चालतच असते. तूट उघडी पडते ती मध्यम वाऱ्यात.

यावर उपाय आहेत. दोरावर लोंबकळत कारागीर कड घासतात, भरतात, रंगवतात किंवा तिच्यावर चिवट प्लास्टिकची पट्टी चिकटवतात. हे काम कोरड्या, शांत हवेतच करता येते. दुसरा उपाय म्हणजे मुसळधार पावसापुरती चक्राची गती उतरवणे. १७ ऐवजी १२ फेरे घेतले तर टोकाचा वेग सेकंदाला ५० मीटर होतो, आणि आघाताची ऊर्जा निम्मी. पण तेवढा वेळ वीजही कमी मिळते. आषाढातल्या त्या तासांची वीज सोडायची की पाते झिजू द्यायचे, याचे उत्तर त्या पठारावर पाऊस किती आणि कसा पडतो, हे मोजल्याशिवाय देता येत नाही.