उतरायला लाजू नकोस

अगं, चिखलातल्या सायकल शर्यतीला नाव दिलंस हे ऐकून फार बरं वाटलं. आता जरा निवांत बस, दोन गोष्टी मनापासून सांगते.

आपल्याकडे चिखलात सायकलवरून उतरलं की पोरं लगेच चिडवतात, ‘दमलीस का?’ ते मनातून काढून टाक. सायक्लोक्रॉस, म्हणजे अशी चिखलातली सायकल शर्यत, हा खेळच चढण्या-उतरण्याचा आहे. त्याचं पहिलं जागतिक अजिंक्यपद 1950 साली पॅरिसला झालं. बायकांना मात्र 2000 सालापर्यंत थांबावं लागलं. या शर्यतीत वाटेत 40 सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या फळ्या मुद्दाम आडव्या लावतात. चिखल वाढला की भलेभले उतरतात, सायकल खांद्यावर घेऊन पळतात. जी वेळेवर उतरते ती पुढे जाते, हट्टाने पायडल मारणारी तिथेच रुतते.

त्यातून आपलं बारामती-इंदापूरचं काळं रान! भर पावसातला चिखल पातळ असतो, चाकावरून निथळून जातो. खरा वैरी पाऊस उघडल्यावरचा, वाफसा यायच्या आधीचा. तो चिमट्यात आणि ब्रेकमध्ये असा गच्च भरतो, की चाक फिरायचंच थांबतं. म्हणून मडगार्ड आधीच काढून ठेव. गाळ खरवडायला एक चपटी काडी जवळ असू दे. चाकात हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेव, टायर जमीन धरतो. पण रिम दगडावर आपटेल इतकी कमी नको.

शाळेत मिळालेली लेडीज सायकल नेऊ नकोस. तिला वरची आडवी दांडी नसते, खांद्यावर घेता येत नाही. दादाची माग, आणि सीट तुझ्या उंचीला लावून घे. उतरायचं डाव्या बाजूने, कारण चेन उजवीकडे असते. वेग असतानाच उजवा पाय मागून डावीकडे आण, उतरून दोन पावलं पळ, मग दांडी उजव्या खांद्यावर घे. घरामागच्या मोकळ्या रानात हे रोज कर, विचार न करता जमेपर्यंत.

दम वाढवायला सुप्याकडचा मुरमाड माळ चांगला. नीरा डाव्या कालव्याच्या ओल्या कडेने मात्र अजिबात जाऊ नकोस. घसरून पाण्यात गेलीस तर वर येणं अवघड. दुसऱ्याच्या बांधावर विचारल्याशिवाय सायकल घालायची नाही, उभ्या पिकात तर नाहीच.

पाळी नेमकी त्याच दिवशी आली तर घाबरू नकोस. गडद रंगाची, अंगाबरोबर बसणारी पँट घाल, कपड्यांचा दुसरा जोड आणि पॅड पिशवीत ठेव. फार दुखत असेल तर पुढच्या वेळी खेळ, शर्यती कुठे पळून जात नाहीत.

घरी आल्यावर पाइपचा जोरदार फवारा चाकाच्या मधोमध मारू नकोस, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं. बादलीभर पाणी आणि फडकं पुरे. चेन पुसून कोरडी कर, मग तेल सोड.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आदल्या दिवशी पूर्ण मार्ग पायी फिरून ये. कुठे उतरायचं ते तिथेच ठरव. शर्यतीत ती जागा आली की कोण बघतंय याचा विचार करू नकोस. बिनधास्त उतर आणि पळ.